मुठीतलं दुखणं

प्रमिलाने फोन सुरेखाताईंना केला. मला नाही.

सुरेखाताईंनी मग मला केला. "मॅडम, उद्या संध्याकाळी मैदानावर या बरं का. आपली प्रमिला येतीये. तिला परत खेळायचंय म्हणे." परत खेळायचंय! चार वर्षं मी या दोन शब्दांची वाट बघत होते. आणि तरी फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझा नंबर तिच्याकडे आहे, इंदिरानगरमधला माझा दवाखाना तिला माहीत आहे, आणि गुडघ्यांबद्दलची पदवी आमच्या दोघींपैकी माझ्याकडे आहे. फोन मात्र तिकडे गेला.

ऑक्टोबरमध्ये माझं हे असं होतंच. नवरात्र संपतं, पावसाळ्यात माजलेलं मैदानावरचं गवत कापलं जातं आणि त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या जातात. कापलेल्या गवताचा ओलसर वास आणि फक्कीची कोरडी धूळ एकदमच नाकात शिरतात. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारी डोकं तापतं. दिंडोरीकडे द्राक्षबागांची छाटणी सुरू होते, आणि शहरात कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धा. लोक या दिवसांना काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्यासाठी हा मत्सराचा हंगाम आहे. दरवर्षी न चुकता येतो.

चार वर्षांपूर्वी, पहिल्या हंगामात, मी मैदानावर ऐटीत गेले होते. कॉलेजच्या मुलींच्या संघाला फिजिओथेरपिस्ट हवी होती. संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे मुलगी जखमी झाली की दवाखान्यात जाते, बरी झाली की मैदानावर येते, आणि या दोन जागा एकमेकींशी कधी बोलतच नाहीत. सराव आणि उपचार एकाच ठिकाणी, एकाच विचाराने चालायला हवेत. मला ते फारच पटलं. तो एक विचार माझा असणार, हे मी गृहीतच धरलं होतं.

मैदानावर ट्रेनर आधीपासून होत्या. सुरेखाताई. निफाडकडच्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, काटक, पायात कायम एकच निळे बूट. तरुणपणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायच्या. नडगीचं हाड तडकलेलं असताना कुणाला न सांगता धावत राहिल्या आणि त्यांचं धावणं तिथेच संपलं. मग जिमखान्यात नोकरी. मुलींचं वॉर्मअप, घोट्याला टेप, मुरगळलं तर बर्फ, हे सगळं त्यांच्याकडे. बर्फ म्हणजे हॉस्टेलच्या मेसच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले पाण्याचे पाऊच. मी पहिल्या दिवशी झाकणाची निळी आइसबॉक्स घेऊन गेले, तेव्हा त्यांनी ती उघडून बघितली आणि म्हणाल्या, "लय भारी हाय मॅडम." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझ्याकडे रबरी पट्टे होते, गुडघा किती वाकतो ते मोजायचं कोनमापक होतं, आणि छापलेले फॉर्म होते. फॉर्मवर शून्य ते दहा आकडे. काहीच दुखत नसेल तर शून्य, सहन होत नसेल तर दहा. मुलींनी पेनं घेतली आणि एकजात सगळ्यांनी शून्यावर गोल केला. एकीचा घोटा बटाट्याएवढा सुजला होता. तिनेही शून्य.

फॉर्म गोळा झाल्यावर सुरेखाताईंनी मुलींना रेषेवर उभं केलं आणि हलकेच म्हणाल्या, "हात." मुलींनी हात वर केले नाहीत. ते मांडीलगत खालीच राहिले, पण काही मुठी मिटलेल्या होत्या, काहींची एक-दोन बोटं उघडी. बटाट्याएवढ्या घोट्याने चार बोटं दाखवली. सुरेखाताई रांगेवरून एकदा नजर फिरवून गेल्या, बस्स. मला वाटलं, खेळातली काही खूण असेल.

"दुखन्याची बोटं हायेत मॅडम," त्यांनी नंतर सांगितलं. "मूठ म्हंजे काय नाय. एक म्हंजे हाय, पन चालतंय. दोन म्हंजे पळताना कळतं. तीन म्हंजे जिना चढताना कळतं. चार म्हंजे बस कर."

"आणि पाच?"

"पाच कोन दाखवत नाय. पाचला पोरगी रडतीच."

"पण तोंडाने का नाही सांगत?"

"सरांसमोर सांगितलं की बाहेर बसावं लागतं. घरी सांगितलं की खेळ बंद. कुनाला सांगनार? बोटं कुनाला दिसत नाय."

त्यांना दिसत होती, तेवढं पुरे होतं. माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, ते मी कुठल्याही फॉर्मवर लिहिलं नसतं.

मग रोज काही ना काही दिसत राहिलं. मी आले की एखादी मुलगी धावत जाऊन जिमखान्यातून प्लास्टिकची खुर्ची आणायची. "बसा ना मॅडम." सुरेखाताई गवतात फतकल मारून बसायच्या आणि कुणाचा ना कुणाचा पाय त्यांच्या मांडीवर असायचा. मला मॅडम, त्यांना ताई. मला पाण्याची सीलबंद बाटली, त्यांना स्वतःच्या डब्यातला घास. त्या हंगामात त्या खुर्चीचा मला जेवढा राग आला, तेवढा कुठल्या माणसाचा आला नसेल. एकदा मीही गवतात बसून बघितलं. मुली उठून उभ्या राहिल्या.

"तू जळतेस त्या बाईवर," एके रात्री जेवताना नवरा म्हणाला. तो ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखतो.

"मी? जिमखान्यातल्या ट्रेनरवर?"

"पंधरा मिनिटं झाली, दुसऱ्या कुणाबद्दल बोललेली नाहीस."

मी भाजी वाढली आणि विषय बदलला. दोन मिनिटांनी परत सुरेखाताईंवर आले.

आता प्रमिलाबद्दल. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, हॉस्टेलवर राहणारी, बुटकी, रुंद खांद्यांची. मैदानाच्या मधोमध खेळायची आणि चेंडू पायाला चिकटल्यासारखा घेऊन फिरायची. घरी भात आणि नागलीची थोडी शेती. भात कापून झाला की आईवडील बागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचे, आणि लेक शहरात फुटबॉल खेळते हे मुकादमाला कौतुकाने सांगायचे. सप्टेंबरमध्ये सरावात तिच्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध ताणला गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस स्पर्धा, आणि त्या स्पर्धेतूनच विद्यापीठाच्या संघाची निवड. तिथे निवड झाली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून तिला पोलिसभरतीचा फॉर्म भरता आला असता. तिच्या घरात महिन्याला पगार आणणारं आजवर कुणी झालं नव्हतं. हे सगळं मला सुरेखाताईंकडून कळलं. मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "सगळं बरं हाय मॅडम."

तो गुडघा मी मनापासून बरा केला, हे मला सांगू द्या. रोज सकाळी ती दवाखान्यात यायची. मी मोजायचे, वाकवायचे, पट्टे लावून पाय उचलायला लावायचे, भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसायला लावायचे. तिची मांडी हळूहळू भरत गेली ती माझ्या टेपवर दिसायची. रोज शेवटी मी विचारायचे, "आज दुखणं किती?" ती म्हणायची, "शून्य." मी हसायचे आणि वहीत शून्य लिहायचे. मला वाटायचं, हे माझं आणि तिचं काहीतरी आहे. संध्याकाळी मैदानावर बघावं तर ती सुरेखाताईंना चिकटून बसलेली. शेळीला झालेली दोन पिल्लं, आईच्या बोटाचं वाढलेलं नख, हॉस्टेलच्या वॉर्डनची नक्कल, काय काय सांगत असायची. माझ्या टेबलावर पडलेली मुलगी आणि ही मुलगी एकच, यावर माझा विश्वास बसत नसे.

आणि मग मी ते वाक्य बोलले. जिमखान्यात सरांनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. सुरेखाताई सांगत होत्या, "सर, प्रमिलाची काल दोन बोटं होती." मी मध्येच म्हणाले, "सर, या बोटांना काही शास्त्रीय आधार नाही. उपचाराचं मी बघते. सरावाचं त्यांनी बघावं. उगाच गोंधळ नको." आवाज अगदी गोड ठेवला होता. दारात दोन मुली उभ्या होत्या. सुरेखाताईंनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली आणि परत घातली. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर बोटांचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची. सराव आणि उपचार एकत्र आणायला मला बोलावलं होतं, आणि मी त्यांची पक्की वाटणी करून टाकली.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी प्रमिलाची शेवटची चाचणी घेतली, मैदानावर, सगळ्यांसमोर. एका पायावर उड्या मारत किती लांब जाता येतं ते मोजायचं, आधी चांगला पाय, मग दुखरा. मुली खिदळल्या. "मॅडम, ही तर लंगडी!" प्रमिला शाळेपासून लंगडीत कुणाला हार गेलेली नव्हती. ती डाव्यावर गेली तेवढीच उजव्यावर गेली, वीतभरही कमी नाही. मी टेप गुंडाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्लिअर." तो शब्द उच्चारताना मी कुणाकडे बघत होते, हे मला चांगलं आठवतं. प्रमिलाकडे नव्हते.

सामन्याच्या सकाळी धुकं होतं. फक्की ताजी होती. मी बॅगेत पट्ट्या लावत होते. सुरेखाताई जवळ आल्या.

"मॅडम, प्रमिलाची आज तीन..."

"सुरेखाताई, रिपोर्ट दिलाय मी."

त्यांना सरांकडे जाता आलं असतं, पण जिमखान्यात सरांसमोर त्यांचं तोंड मीच बंद केलं होतं. "बरं मॅडम," म्हणाल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्या. तीन म्हणजे जिना चढताना कळतं, हे मला पाठ होतं. पाठ असूनही मी कात्री आणि टेप नीट रचत बसले.

दुसऱ्या हाफमध्ये प्रमिला चेंडू घेऊन वळली. तिला कुणी धक्का दिला नाही. बूट ओल्या गवतात रुतून राहिला, अंग वळलं आणि गुडघा मागे राहिला. ती पडली आणि ओरडली, "ताई!"

आम्ही दोघीही धावलो. एके काळी शर्यती जिंकलेल्या बाईच्या आधी मी पोचले, इतकी जिवाच्या आकांताने धावले. गुडघे टेकले, बॅग उघडली, तिच्या पायाला हात लावला. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिच्या हाताची पाचही बोटं गवतात रुतली होती.

तिला स्कॅनला नेल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. मैदानावर दुसरा सामना सुरू झाला होता. मी माझी वही काढली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. सुरेखाताईंनी त्यांची काढली, शंभर पानी, शाळेची असते तशी. सकाळचे माझे व्यायाम मी वाचले. संध्याकाळच्या स्टेडियमच्या पायऱ्या, बैठका, पळणं त्यांनी वाचलं. मांडीसाठी मी जे देत होते, जवळपास तेच त्या देत होत्या. दोघींनी आपापल्या परीने बेताचंच दिलं होतं. दोघींचं मिळून ते कुठल्याही बऱ्या गुडघ्यालाही झेपलं नसतं, मग हा तर दुखावलेला. आणि पोरीने दोन्हीकडचं चोख केलं होतं, एकही दिवस न चुकवता.

"मला वाटलं तुम्ही सकाळचं कमी केलं असंल," सुरेखाताई म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्ही संध्याकाळचं."

आम्ही तीन आठवडे रोज भेटत होतो. एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे खुर्चीवरून उतरणं होतं, असं मला वाटत होतं. नंतर प्रमिलाला विचारलं, "अगं, सांगायचं नाहीस का?" तर म्हणाली, "तुमाला दोघींना नाय कसं म्हनू?"

मला लागलं ते वेगळंच वाक्य. ते सुरेखाताईंनी सांगितलं, खूप दिवसांनी, आणि सांगावं की नाही या विचारात पडूनच. सामन्याच्या सकाळी त्यांनी प्रमिलाला म्हटलं होतं, तूच जाऊन मॅडमना सांग. ती म्हणाली, "नको ताई. मॅडमना शून्य आवडतं. शून्य म्हटलं का त्या हसतात."

त्या दिवशी घरी येऊन मी त्या वहीतली शून्यं बघितली. नीट, गोल, एकाखाली एक. ती पोर मला दुखणं सांगत नव्हती, कारण तिला मला खूश ठेवायचं होतं. मी ज्यासाठी जळत होते ते प्रेम मला मिळतच होतं, फक्त ते असं खोटं बोलून मिळत होतं. खरं बोलायचं ते सुरेखाताईंजवळ. आजही यातला सुरेखाताईंचा वाटा मला मोठा वाटतो, आणि आजही मला तो हवासा वाटतो.

प्रमिलाची शस्त्रक्रिया टळली. हंगाम मात्र गेला, निवड गेली आणि पोलिसभरतीचा फॉर्मही भरायचा राहिला. शिक्षण संपल्यावर ती अंबडला एका कारखान्यात लागली, तयार झालेले सुटे भाग तपासायच्या कामाला. आठ तास उभं राहायचं. तिने मला कधी दोष दिला नाही. गावाहून आली की आम्हा दोघींना नागलीचे पापड, सारखीच पाकिटं. मी चोरून दोन्ही पाकिटं हातात धरून बघितली आहेत, कुठलं जड ते.

मी त्या संघाबरोबरच राहिले. आता वही एकच आहे, सुरेखाताईंची शंभर पानीच. डाव्या पानावर माझं, उजव्यावर त्यांचं, आणि दोघींनी वाचल्याशिवाय मुलगी मैदानात उतरत नाही. काम चांगलं चालतं. सर इतर कॉलेजांना आमचं उदाहरण देतात. पण सराव आणि उपचार एकत्र आले म्हणून माझा मत्सर कुठे गेला नाही. गेल्या चार वर्षांत मुलींच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या. मीही रांगेसमोर उभी राहून हलकेच म्हणून बघितलंय, "हात." मला सगळ्या मुठीच दिसतात, घट्ट मिटलेल्या. मग सुरेखाताई येतात आणि बोटं उघडतात. त्या मला आकडे सांगतात आणि मी वहीत लिहून घेते.

तर आज संध्याकाळी प्रमिला आली. पहिली पाळी संपवून, कंपनीचा निळा शर्ट तसाच, स्कूटरवरून. गवताचा आणि फक्कीचा वास आल्याबरोबर मैदानाच्या फाटकातच थांबून तिने मोठ्ठा श्वास घेतला. मग पळत येऊन तिने सुरेखाताईंना मिठी मारली, इतकी घट्ट की त्यांची शिट्टी मध्ये दबली. माझ्याकडे वळली आणि वाकून पाया पडली. मिठी त्यांना, नमस्कार मला. मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि पोटात परत दुखायला लागलं.

"रविवारी मॅच हाय मॅडम," ती म्हणाली. "अंबडच्या कंपन्यांची. पोरींची टीम पहिल्यांदाच करतायत. मला मधी घेतलंय. तुमी दोघी हो म्हनल्या तरच खेळनार, असं सांगून आले मी."

सुरेखाताई आइसबॉक्समधले बर्फाचे पाऊच आणायला जिमखान्यात गेल्या. मी खुर्ची बाजूला केली आणि प्रमिलाला गवतात बसवून गुडघा बघितला. छान वाकत होता. मांडी भरलेली. एका पायावर उड्या मारायला लावल्या. "लंगडी," ती हसून म्हणाली आणि उजव्यावर अगदी डाव्याएवढीच लांब गेली. परत आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि डोळे चमकत होते. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं.

"दुखतं का गं?"

"नाय मॅडम."

मी हसले नाही. तेवढं एक मी चार वर्षांत शिकले आहे. फक्त तिच्याकडे बघत राहिले. समोर कुणी एक मुलगी फक्कीची रेषा पायाने पुसत होती आणि दुसरी तिला ओरडत होती. प्रमिलाने मान खाली घातली. तिचा हात मांडीलगत होता, मूठ मिटलेली. मग ती मूठ सुटली आणि दोन बोटं बाहेर आली.

मी मागे वळून पाहिलं. सुरेखाताई अजून जिमखान्याच्या पायऱ्यांवर होत्या, पाठमोऱ्या, दार ओढून घेत होत्या. मैदानावर माझ्याशिवाय त्या बोटांकडे बघणारं कुणी नव्हतं. ती मला दाखवली होती.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं की हे कुणाला सांगू नये. चार वर्षं थांबून मिळालेली ही दोन बोटं माझ्या एकटीजवळ राहू द्यावीत. रविवारचं काय ते माझं मी ठरवेन. जिमखान्याचं दार लागलं आणि सुरेखाताई थंड पाऊच छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागल्या.

"सुरेखाताई," मी हाक मारली, "वही आणा. दोन बोटं आहेत."